सागरी मत्स्यालयाची पार्श्वभूमी

सागरी मत्स्यालयाची पार्श्वभूमी म्हणजे खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यटाकीच्या मागील भिंतीला दिलेला रंग, तिच्यावर चिकटवलेला पडदा किंवा टाकीच्या आत उभारलेली कृत्रिम खडकभिंत होय. टाकीमागील भिंत, विजेच्या तारा, नळ्या व गाळणयंत्रे झाकणे हा तिचा प्राथमिक उद्देश असतो. याशिवाय टाकीची भासमान खोली, माशांच्या व प्रवाळांच्या रंगांचा उठाव, काचेतील परावर्तन आणि काही जातींच्या माशांचा स्वतःचा रंग या गोष्टी पार्श्वभूमीवर अवलंबून असतात. घरगुती सागरी मत्स्यालयांत काळा आणि निळा हे दोन रंग सर्वाधिक प्रचलित आहेत. टाकी एकदा भरल्यावर पार्श्वभूमी बदलणे अवघड असल्याने हा निर्णय सामान्यतः टाकीत पाणी घालण्यापूर्वी घेतला जातो.

स्वरूप

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात दाट वनस्पती लावून मागील काच झाकता येते. सागरी मत्स्यालयात ही सोय नसते. तेथे मुख्य रचना सच्छिद्र खडकांची असते आणि पाणी खेळते राहावे म्हणून खडक मागील काचेपासून काही अंतरावर ठेवले जातात. त्यामुळे मागील काचेचा मोठा भाग उघडा राहतो व टाकीकडे पाहणाऱ्याच्या दृष्टिक्षेपात सतत येतो. सागरी टाकीला लाटनिर्मितीचे पंप, फेस काढणारे यंत्र, तापमान नियंत्रक अशी उपकरणेही अधिक लागतात आणि त्यांच्या तारा व नळ्या बहुधा मागील बाजूनेच जातात. या कारणांमुळे पार्श्वभूमीचा प्रश्न सागरी मत्स्यालयात अधिक महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

समुद्री प्राण्यांना काचेच्या टाकीत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. झान व्हिलप्रो-पॉवर यांनी १८३२ मध्ये सिसिलीत आर्गोनॉट या मृदुकाय प्राण्याच्या निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या तयार केल्या. १८४० च्या दशकात लंडनमध्ये ॲना थाइन यांनी प्रवाळ व इतर सागरी जीव घरात दीर्घकाळ जिवंत ठेवले. निसर्ग अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या सहभागाने १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि १८५४ मध्ये त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

या काळातील अनेक टाक्यांच्या सर्व बाजू काचेच्या नसत. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पुरस्कारलेल्या टाकीत पुढची बाजू काचेची, तर मागील तिरकी बाजू पाटीच्या दगडाची असे आणि प्रकाश मुख्यतः वरून येई. समुद्रातही प्रकाश वरूनच येतो आणि बाजूने येणाऱ्या उन्हामुळे काचेवर शैवाल माजते, हे विचार अशा रचनेमागे होते. अशा टाकीत गडद, अपारदर्शक पार्श्वभूमी ही रचनेचाच भाग होती.

पुढे धातूच्या चौकटीत काचा बसवलेल्या टाक्या रूढ झाल्या. खाऱ्या पाण्याने धातू गंजत असल्याने सागरी मत्स्यालयासाठी त्या गैरसोयीच्या होत्या. १९६० च्या दशकापासून सिलिकॉनने काचा जोडण्याचे तंत्र पसरले आणि चारही बाजूंनी पारदर्शक अशी टाकी घरोघरी पोहोचली. मागील बाजू पारदर्शक झाल्यामुळे ती कशाने झाकावी हा स्वतंत्र प्रश्न निर्माण झाला. समुद्रतळाची चित्रे छापलेले प्लॅस्टिकचे पडदे, रंगीत फिल्म व काचेला बाहेरून लावलेला रंग हे पर्याय त्यानंतर प्रचारात आले.

प्रकाशशास्त्रीय आधार

पाण्याचा निळेपणा

समुद्राचे पाणी लाल व नारिंगी प्रकाश लवकर शोषून घेते, तर निळा प्रकाश सर्वांत खोलवर पोहोचतो. स्वच्छ समुद्रात सुमारे १० मीटर खोलीवर लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे प्रवाळभित्तीवर आडव्या दिशेने पाहिल्यास दूरचे दृश्य निळसर होत जाते आणि शेवटी केवळ निळा प्रकाश उरतो. घरगुती टाकीची जाडी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागील काचेपर्यंतचे अंतर, बहुधा ४० ते ६० सेंटिमीटर असते. एवढ्या कमी पाण्यात डोळ्यांना जाणवेल इतका निळेपणा येत नाही. निळी पार्श्वभूमी हा अभाव भरून काढते. दूरचे डोंगर निळसर दिसतात या अनुभवाशी ती जुळते, म्हणून उथळ टाकीही खोल भासते.

परावर्तन

पार्श्वभूमी काचेला घट्ट चिकटलेली आहे की तिच्यामागे नुसती टेकवलेली आहे, यावर टाकीचे दृश्य बरेच अवलंबून असते. समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३४, काचेचा सुमारे १.५२ आणि हवेचा १ असतो. काच व पाणी यांच्या सीमेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ०.४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, तर काच व हवा यांच्या सीमेवर हे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक असते. तिरप्या प्रकाशासाठी फरक आणखी मोठा होतो. पाण्यातून हवेकडे जाणाऱ्या प्रकाशाचा क्रांतिक कोन सुमारे ४८ अंश असतो. त्याहून अधिक तिरका किरण बाहेर पडत नाही, त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. समोरून पाहणाऱ्यास टाकीच्या बाजूच्या काचा आरशासारख्या दिसतात, त्याचे कारण हेच आहे. टाकी बाजूने पाहिल्यास मागील काचही तशीच चंदेरी दिसते.

मागे टेकवलेला कागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा आणि काच यांमध्ये हवेचा पातळ थर राहतो व वरील परावर्तन तसेच टिकते. याउलट काचेला थेट लावलेला रंग हवेचा थर नाहीसा करतो. रंगाच्या थराचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असल्याने बहुतांश प्रकाश काचेतून रंगापर्यंत पोहोचतो व गडद रंगात शोषला जातो. एकाच छटेचा काळा रंग आणि काळा पडदा यांत जो फरक दिसतो तो मुख्यतः यामुळे असतो.

रंगविरोध

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्हरल यांनी १८३९ मध्ये समकालिक रंगविरोधाचा नियम मांडला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांच्या भासमान छटेत बदल करतात, असा त्याचा आशय आहे. गडद पृष्ठभागापुढे फिकट वस्तू अधिक उजळ दिसते आणि निळ्यापुढे पिवळा व नारिंगी रंग अधिक तीव्र भासतात. पिवळा टँग किंवा नारिंगी विदूषक मासा काळ्या वा निळ्या पार्श्वभूमीपुढे उठून दिसतो तो या नियमानुसार. काळा विदूषक मासा मात्र काळ्या पार्श्वभूमीत हरवतो आणि त्याचे फक्त पांढरे पट्टे नजरेत भरतात.

माशांवरील परिणाम

पार्श्वभूमी माणसासाठी दृश्याचा भाग असली, तरी माशासाठी ती भोवतालच्या जगाचा भाग असते. अनेक मासे परिसराच्या उजळपणानुसार स्वतःचा रंग बदलतात. त्यांच्या त्वचेतील वर्णकपेशींत मेलॅनिनचे कण असतात. हे कण पेशीभर पसरले की त्वचा गडद होते व पेशीच्या मध्याशी गोळा झाले की फिकट होते. या क्रियेवर मज्जातंतू व संप्रेरके यांचे नियंत्रण असते. फिकट परिसरात मेलॅनिनचे कण एकत्र आणणारे संप्रेरक १९८३ मध्ये चम सामन माशाच्या पियूषिका ग्रंथीतून वेगळे करण्यात आले. मासा दीर्घकाळ एकाच प्रकारच्या परिसरात राहिल्यास वर्णकपेशींची संख्याही बदलू शकते. असा बदल सावकाश होतो व सावकाशच ओसरतो.

चपट्या माशांत ही क्षमता विशेष दिसते. कोकणात ‘लेप’ आणि गोव्यात ‘लेपो’ या नावाने खाल्ला जाणारा मासा याच गणातील आहे. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस सम्नर यांनी १९११ मध्ये चपटे मासे तळाच्या नक्षीशी कसे जुळवून घेतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की उष्ण कटिबंधातील एका जातीचे चपटे मासे अवघ्या काही सेकंदांत तळाच्या नक्षीशी जुळवून घेतात.

असा बदल जीवावरच्या प्रसंगाशी निगडित असतो. सम्नर यांनी १९३० च्या दशकात काळ्या व पांढऱ्या टाक्यांत ठेवून रंग बदललेले गॅम्बुसिया मासे गॅलापागोस पेंग्विनांपुढे सोडले. परिसराशी रंग न जुळणारे मासे अधिक प्रमाणात खाल्ले गेले. उघड्यावर दिसणे म्हणजे धोका, अशी जाणीव ज्या प्राण्यांच्या वर्तनात रुजलेली आहे, त्यांना फिकट व चकचकीत पार्श्वभूमीपुढे आडोसा न मिळणे त्रासदायक ठरू शकते.

माणसाला भडक वाटणारे रंग समुद्रात नेहमीच भडक नसतात. जस्टिन मार्शल यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार प्रवाळभित्तीवरील माशांचा निळा रंग मागील पाण्याच्या निळ्या प्रकाशाशी, तर पिवळा रंग प्रवाळभित्तीच्या सरासरी रंगाशी बराच जुळतो. दुरून पाहणाऱ्या माशाला हे रंग लपण्यास मदत करतात आणि जवळून ते संकेताचे काम करतात. घरगुती टाकीत निळा टँग ‘उठून दिसावा’ म्हणून केलेली निवड आणि त्या माशाचा नैसर्गिक आडोसा या दोन गोष्टी त्यामुळे परस्परविरोधी असू शकतात. मत्स्यपालक त्यावर सहसा खडकांत पुरेशा कपारी ठेवण्याचा उपाय करतात.

परावर्तनाचाही माशांवर परिणाम होतो. टाकीत उजेड व मागे अंधार असेल तर पार्श्वभूमी नसलेली काच आतल्या बाजूने आरशाचे काम करते. टँग, डॅमसेल यांसारखे आपल्या हद्दीचे रक्षण करणारे मासे स्वतःच्या प्रतिमेला प्रतिस्पर्धी समजून तिच्यावर धावून जातात किंवा काचेलगत सतत येरझाऱ्या घालतात. मागील काचेला बाहेरून गडद रंग लावल्यास ही प्रतिमा क्षीण होते. बाजूच्या काचांवर मात्र तिचा परिणाम होत नाही.

सागरी माशांच्या पैदास केंद्रांत पार्श्वभूमीचा विचार आणखी काटेकोरपणे केला जातो. अळी अवस्थेतील पिल्ले सूक्ष्म प्राणी डोळ्यांनी टिपून खातात. गडद भिंतींच्या टाकीत असे भक्ष्य अधिक स्पष्ट दिसते, तर भिंतीवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाकडे पिल्ले ओढली जातात. म्हणून विदूषक माशांच्या पिल्लांसाठी बाजू काळ्या केलेल्या टाक्या वापरण्याची पद्धत आहे.

प्रचलित रंग

काळा: काळ्या पार्श्वभूमीपुढे तारा व नळ्या सहज लपतात, परावर्तन सर्वांत कमी राहते आणि रंगीत माशांना उठाव मिळतो. सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या एलईडी प्रकाशात अनेक प्रवाळ हिरवे, नारिंगी वा लाल चमकतात. ही चमक त्यांच्यातील प्रतिदीप्त प्रथिनांमुळे येते व काळ्यापुढे ती स्पष्ट दिसते. अशा प्रथिनांपैकी हिरवे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळे केले होते आणि त्या संशोधनमालिकेस २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्याबाहेर उडून वाळलेल्या मिठाचे पांढरे पापुद्रे काळ्यावर चटकन दिसतात, ही त्याची उणीव आहे. लहान टाकी काळ्यामुळे अधिक अरुंद वाटते असाही आक्षेप घेतला जातो.

निळा: गडद निळा रंग खोलीचा भास देतो आणि खुल्या पाण्यात पोहणाऱ्या माशांच्या टाकीला शोभतो. सार्वजनिक मत्स्यालयांत जेलीफिशच्या दालनांत एकसंध निळी पार्श्वभूमी वारंवार वापरली जाते, कारण त्यांची अर्धपारदर्शक शरीरे तीवर स्पष्ट उमटतात. फिकट निळा रंग मात्र तीव्र प्रकाशात भिंतीच्या रंगासारखा सपाट दिसतो. निळ्या एलईडीखाली निळी पार्श्वभूमी अपेक्षेपेक्षा बरीच उजळ होते. त्यामुळे रंगाची छटा दुकानातील उजेडात न पाहता टाकीवर वापरायच्या दिव्याखाली पाहणे उपयुक्त असते.

पांढरा व दुधी: मागून प्रकाश सोडलेली दुधी फिल्म टाकीला मोकळेपणा देते. पांढरा पृष्ठभाग प्रकाश टाकीत परत पाठवतो, त्यामुळे खडकांच्या सावल्या सौम्य होतात. त्यावर शैवालाचा प्रत्येक डाग दिसतो आणि काही मासे फिकट पडतात. चांदीसारखे मासे त्यापुढे नजरेत भरत नाहीत.

चित्रे व खडकभिंती: समुद्रतळाची छापील चित्रे स्वस्त असतात, परंतु त्यांतील प्रवाळ टाकीतील खऱ्या प्रवाळांशी जुळत नाहीत आणि ओलाव्याने कागद सुरकुततो. टाकीच्या आत बसवलेली कृत्रिम खडकभिंत अधिक नैसर्गिक दिसते व तिच्यावर प्रवाळही लावता येतात. तथापि ती पाण्याची जागा व्यापते आणि तिच्यामागे गाळ साचण्याची शक्यता असते.

चुनखडी शैवालाचे आवरण

सागरी टाकीत पार्श्वभूमीचा रंग कायम दिसत राहील असे नसते. लाल शैवालांच्या गटातील काही जाती पेशीभित्तीत कॅल्शियम कार्बोनेट साठवतात आणि काचेवर गुलाबी ते जांभळ्या रंगाचे टणक कवच तयार करतात. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम असते. प्रवाळांसाठी कॅल्शियम व क्षारता योग्य पातळीवर राखल्यास हे शैवालही जोमाने वाढते. पुढची काच नियमित घासली जाते, पण खडकांमागील काचेपर्यंत हात पोहोचत नाही. त्यामुळे प्रवाळांच्या जुन्या टाकीत मागील भिंत बहुतांशी जांभळी झालेली दिसते. अनेक मत्स्यपालक हे आवरण मुद्दाम राहू देतात व त्यालाच नैसर्गिक पार्श्वभूमी मानतात. ते काढायचे असल्यास काचेवर धातूचे पाते चालते, परंतु ॲक्रिलिकच्या टाकीला त्याने चरे पडतात. तेथे प्लॅस्टिकचे पाते वापरावे लागते.

साहित्य व पद्धती

बाहेरून रंगवणे ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. टाकी रिकामी असताना मागील काचेवरील तेलकटपणा पुसून कडांना चिकटपट्टी लावली जाते आणि पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ हात दिले जातात. दोन हातांमध्ये रंग पूर्ण वाळू दिला जातो. आतून दिवा धरल्यास राहिलेल्या फटी दिसतात. काचेवरील असा रंग पुढे पात्याने खरवडून काढता येतो. ॲक्रिलिकच्या टाकीवर विद्रावकयुक्त तेलरंग टाळले जातात, कारण काही विद्रावकांमुळे ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

टाकीच्या आतील बाजूस सामान्य रंग लावला जात नाही. खाऱ्या पाण्यात त्याचे पोपडे सुटतात व त्यातील रंगद्रव्ये पाण्यात उतरू शकतात. तांबे अत्यल्प प्रमाणातही प्रवाळ, कोळंबी, शंखवर्गीय जीव अशा अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक असते. आतील खडकभिंतीसाठी पूर्ण कठीण झालेली इपॉक्सी किंवा मत्स्यालयासाठी योग्य असा पॉलियुरेथेन फोम वापरला जातो आणि फोम तरंगू नये म्हणून तो सिलिकॉनने काचेला पक्का केला जातो.

ज्यांना रंग कायमचा नको असतो ते चिकट व्हिनाइल फिल्म वापरतात. साबणाच्या पाण्याने काच ओली करून फिल्म बसवली व रबरी पट्टीने पाणी आणि बुडबुडे बाहेर काढले, तर ती काचेला हवेचा थर न ठेवता चिकटते. टाकीला पाणी वाहून नेणारी मागील पेटी असल्यास तिची पाण्याची पातळी दिसावी म्हणून तेवढा पट्टा मोकळा सोडण्याची पद्धत आहे.

निवडीचे निकष

सर्व टाक्यांसाठी एकच रंग योग्य ठरत नाही. निवड करताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

- ठेवायच्या प्राण्यांचा रंग व स्वभाव. बुजऱ्या व हद्द राखणाऱ्या माशांसाठी गडद व परावर्तन न करणारा पृष्ठभाग सोयीचा असतो.
- दिव्याचा वर्णपट. पांढऱ्या दिव्याखाली व निळ्या एलईडीखाली एकच छटा वेगळी दिसते.
- टाकीची जागा. दोन किंवा तीन बाजूंनी दिसणाऱ्या टाकीत पडद्यापेक्षा थेट लावलेला रंग परावर्तन कमी करतो.
- टाकीचा प्रकार. केवळ माशांच्या टाकीत रंग दीर्घकाळ दिसतो, तर प्रवाळांच्या टाकीत तो कालांतराने शैवालाखाली झाकला जातो.
- बदलाची शक्यता. २०० लिटर खाऱ्या पाण्याचेच वजन सुमारे २०५ किलोग्रॅम भरते व खडक-वाळूचा भार त्यावर असतो. अशी टाकी भिंतीपासून ओढता येत नाही. रंग बदलण्यासाठी ती रिकामी केल्यास स्थिरावलेले जिवाणू व प्राणी यांना धक्का बसतो.

शेवटच्या कारणामुळे रंगाबाबत साशंक असलेल्यास पाणी भरण्यापूर्वी रंगीत कागद मागे लावून, दिवा पेटवून छटा पाहण्याचा सल्ला दिला जातो.

भारतातील संदर्भ

मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि समुद्री माशांच्या दालनांमुळे मराठी प्रेक्षकांच्या अनेक पिढ्यांना सागरी मत्स्यालयाची ओळख झाली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे.

किनारपट्टीच्या दमट हवेत कागदी पडद्यांवर बुरशी येते, त्यामुळे तेथे रंग किंवा फिल्म अधिक टिकाऊ ठरते. पार्श्वभूमी सजवण्यासाठी समुद्रातून प्रवाळ आणणे भारतात बेकायदेशीर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश करण्यात आला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण परिसरातील प्रवाळांनाही हे संरक्षण लागू आहे. त्यामुळे खडकभिंतीसाठी कृत्रिम साहित्य वापरले जाते.

हेही पाहा

- मत्स्यालय
- प्रवाळ
- विदूषक मासा
- पूर्ण आंतरिक परावर्तन
- तारापोरवाला मत्स्यालय
- मालवण सागरी अभयारण्य